मांडणी

उदगिरात, नळेगाव रस्त्याला,
मन्मथअप्पा बिरादारांचा फोटो स्टुडिओ.
एप्रिलची दुपार. वरचा पंखा
ऊन ढवळतोय नुसता.

"तबस्सुमबाई, ह्यो डबा इसरलालाय बघा,"
अप्पा म्हणाले, "सांगितलेलं ध्यानातच ठेवंना."

मी बसले. एक फोल्डर उघडला: निलंगा, दोन हजार अकरा.
तारखेवार यादी लावली, बंद केला, उघडला,
तर पुन्हा चित्रंच चित्रं,
नवरी, नवरी, पंगत, बँड, नवरी,
सगळी ताटाएवढी.

वीस वर्षांची लग्नं या डब्यात,
बारशी, निरोप समारंभ, देवणी वळूचं पहिलं बक्षीस,
आणि प्रत्येकाची मांडणी अप्पांनी हातानं लावलेली,
तिखटाचा डबा इथं, हळदीचा तिथं, तशी.

व्हायरस नव्हता. मी सांगितलं:
आत कुठंतरी हा फोल्डरागणिक एक बॅग ठेवतो,
खिडकी केवढी, काय आधी, काय मागून.
पाच हजार बॅगा झाल्या की जागा संपते.
मग नवं सांगितलेलं ऐकतो, मान हलवतो,
दार लोटलं की विसरतो.

"मग?"
"आकडा वाढवायचा. वीस हजार करते.
पण आधी जुन्या बॅगा सगळ्या काढाव्या लागतील.
फोटोंना धक्का नाही अप्पा,
ते कसे बघायचे, तेवढंच पुसलं जातं."

अप्पांनी बशी खाली ठेवली.
"अन् त्या सतरा मेचं?"

'१७ मे'. चारशे अठरा फोटो.
हा एकच फोल्डर ते नुसत्या नावांनी ठेवत,
डीएससी शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन,
चेहरा कुठंच नाही.
सकाळी उदबत्ती लावून झाली की उघडायचे,
चारशे अठरा आहेत ना, बघायचे, मिटवायचे.
गेल्या सोमवारी उघडला तो थेट
भाकरीएवढा धाकटा भाऊ,
बाशिंगाखाली हसणारा.

भाऊ समोरच असतो. रस्त्यापलीकडं,
'न्यू बिरादार डिजिटल'.
तीस पावलं. अकरा वर्षं.
हे मला अप्पांनी सांगितलं नाही.
उदगिरात सांगावं लागत नाही.

मी रजिस्ट्रीत शिरले, दोन्ही नोंदी पुसल्या,
आकडा लिहिला. मधेच लाइट गेली,
इन्व्हर्टर कण्हला, पण धरून राहिला.
यंत्र बंद करून चालू केलं आणि म्हटलं,
"आता एकेका फोल्डरला तुमच्या हातानं सांगा.
पहिल्यांदा उघडाल तेव्हा मोठेच दिसणार.
त्याला इलाज नाही."

आणि पाणी प्यायच्या निमित्तानं दारात गेले.
समोर शटर अर्धं खाली. आत कुणीतरी
पोराला स्टुलावर बसवून
हनुवटी वर कर, हनुवटी वर कर, म्हणत होतं.
मागं माउस वाजेना.
सोयाबीनची पोती भरलेला टेम्पो गेला,
त्याची धूळ बसली,
तरी वाजेना.
मग एकदा. बऱ्याच वेळानं दुसऱ्यांदा.

वळले, तर पडद्यावर यादी नव्हती.
मोठी चित्रं आणि नुसती नावं, यांच्या अधेमधे
एक 'मध्यम' असतं. कुणी फारसं वापरत नाही ते.
भाऊ, वहिनी, करवल्या,
गळ्यात कॅमेरा अडकवलेले खुद्द अप्पा,
सगळे पासपोर्ट साइजचे.

"एवढं चालतंय," अप्पा म्हणाले.
बंद केला, उघडला. तसाच राहिला.
पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला.

माझे दोनशे झाले. अप्पांनी पाचशेची काढली.
गल्ल्यात सुट्टे नव्हते, माझ्याकडंही नव्हते.
"समोरून मोडून आणू का?" मी विचारलं.

अप्पा पडद्याकडं बघत होते.
ऐकलं असावं.